पुलाच्या अलीकडचे राक्षस

त्या गेममध्ये शत्रू आधी दिसायचा नाही. मोकळ्या गवतातून चालत असावं, आणि अचानक पडदा थरथरून तीन राक्षस समोर. लढा, औषध घ्या किंवा पळा. पळणंही दर वेळी जमायचं नाही. माझ्या टोळीत चौघे होते, त्यांतली वैदीण फुंकर मारली तरी पडेल अशी. ती मेली की संपलंच. खेळ जतन करायची सोय फक्त धर्मशाळेत. म्हणून मी गेममधल्या गावाच्या भिंतीच्या कडेकडेने चालायचे, अर्धी औषधं संपली की मागे फिरायचे आणि पलीकडच्या मुलखात नेणाऱ्या पुलाचं नावही काढायचे नाही. भिंतीचा तसा काही उपयोग नव्हता, पण मला बरं वाटायचं.

संशय आमच्या रक्तातच होता. बाबा नेरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. गाडीवरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाला ते कधी भुलले नाहीत. कोपरापर्यंत हात घालून तळातला काढायचे. घरी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघायचे. त्या वर्षी केंद्राकडे गाड्या फिरकेनात, आणि ते बंद होणार अशी कुजबुज यवतमाळात आमच्या गल्लीपर्यंत आली होती. तसं झालं तर माझं कॉलेज सुटणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. विचारलं की बाबा म्हणायचे, "लोकं काहीबाही बोलतात. चालू आहे." आणि डबा घेऊन सकाळच्या बसला निघायचे.

अशात एक दिवस कॉलेजातून आले, खेळ उघडला, तर वैदीण ठणठणीत. औषधांची पिशवी भरलेली, चौघांची ताकद वाढलेली. खूश व्हायचं सोडून मला घाम फुटला. कोणीतरी माझी माणसं बाहेर नेऊन लढवत होतं आणि पुन्हा धर्मशाळेत आणून झोपवत होतं. आई दुपारभर शाळेत शिकवायची, कॉम्प्युटरला हातही लावायची नाही. जिने गेमची सीडी दिली ती मैत्रीण माझ्याच बाकावर. शेजाऱ्यांकडे मात्र आमची किल्ली असायची. मी आठवडाभर शेजारच्या काकूंकडे असं बघितलं, की शेवटी त्यांनीच विचारलं, "काहून वं पोरी, माह्या तोंडाले काही लागलं का?"

मग सापळा लावला. आईच्या वातींच्या डब्यातला चिमूटभर कापूस कीबोर्डच्या बाणांवर ठेवला, वरून कापड झाकलं. दुसऱ्या दिवशी कापूस जागच्या जागी. चोर माझ्याइतकाच संशयी होता, त्याने तो उचलून आठवणीने परत ठेवला होता. पण मध्ये त्याला राहवलं नव्हतं. पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढलेला, तंतू विंचरल्यासारखे सरळ. धाग्याची लांबी अशी ग्रेडर बघतात.

माझ्या डोक्यातून खेळ गेला. बाबा दुपारी घरी असतील, तर नेरला कोण जात होतं?

मी पुढच्या दिवशी दुपारीच परतले. दार बाबांनीच उघडलं. पडद्यावर माझे चौघे गवतात उभे, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा.

"आज कॉलेज काहून बुडवलं?" त्यांनी विचारलं.

"केंद्र कधी बंद झालं, बाबा?"

ते खुर्चीत बसले. "संक्रांतीलेच. तुझ्या आईले सांगायचं रोज ठरवून राह्यलो. जमत नाही."

मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस रोज बसस्टँडवर बसून आई शाळेत जायची वाट बघत असणार. मी स्टूल ओढून शेजारी बसले. पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, "पूल ओलांडा ना. एवढी ताकद झाली."

"तिकडे काय आहे, ठाऊक नाही."

"मग इथंच किती दिवस फिरणार?"

त्यांनी मला तळातल्या कापसासारखं निरखून पाहिलं. मग टोळी पुलाकडे नेली. पलीकडे चारच पावलं टाकली आणि पडदा थरथरला. समोरचा राक्षस आम्ही कधी पाहिला नव्हता. बाबांचं बोट सवयीने पळण्याकडे गेलं आणि थांबलं. ते लढले. वैदीण मरता मरता वाचली.

पुढची धर्मशाळा सापडायच्या आत फाटक वाजलं. आई आली होती. बाबांनी कॉम्प्युटर बंद केला नाही, डबाही झाकला नाही.

"तू आत जा," ते मला म्हणाले. "मले तिच्याशी बोलायचं आहे."

मी गेले नाही. त्यांच्या शेजारीच बसून राहिले.