आन म्हणजे छपराखालची बाई

एकाच माणसाचे किस्से साठत गेले की आधी कुठला सांगावा, कळत नाही. आनसाहेबांचं तसंच आहे. पण त्या दिवसांत माझी झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणानं. आमची मिनी तीन वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलत नव्हती. बालसंगोपनावरची तीन पुस्तकं वाचून मी एवढंच शिकले होते की चूक माझी आहे.

आन कोरियाचे. लढाईत कैदी झाले, सुटल्यावर घरी न जाता भारतात आले. बंगळूरला ह्यांच्याच कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे, मल्लेश्वरमला आमच्या माडीवर राहायचे.

*

पहिल्याच सकाळी दूधवाली त्यांना म्हणाली, "अण्णा, स्वल्प बाजूला!"

आन चकित. हिला माझं नाव कसं ठाऊक? पुढे भाजीवाला, कंडक्टर, न्हावी, जो तो एकमेकांना अण्णा! संध्याकाळी मोडक्या हिंदीत त्यांनी ह्यांना हळूच विचारलं, "इथे सगळे आमच्याच कुळातले?"

*

एकदा त्यांनी मिनीच्या पाटीवर आपलं आडनाव काढलं. "वर छप्पर, खाली बाई. अक्षर चिनी, आम्ही 'आन' म्हणतो. अर्थ, शांती." फार पूर्वी म्हणे हात जुळवून बसलेली बाईच काढायचे.

सासूबाईंनी पाटी निरखली. "बसलेली? मग स्वयंपाक कोण करतंय!"

छपराखाली तर मीही होते. शांतीचं कुठं अडलं होतं, देव जाणे.

*

मी एकदा विचारलं, "हे लिहिताना कोणती बाई डोळ्यांपुढे येते?"

"आई." मग छपराची रेघ गिरवत, "छप्पर उरलंय की नाही, माहीत नाही."

सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

*

डॉक्टर म्हणाले, "घरात मराठी, दारात कन्नड, वर हे कोरियन! पोर बोलणार कशी? एकच भाषा ठेवा."

आन रोज तासभर मिनीजवळ बसून तिच्याशी कोरियनमध्ये पुटपुटायचे. ते थांबवायला हवं होतं. हे म्हणाले, "तूच सांग, तुला शब्द सापडतात."

मी दारात उभी राहून सांगितलं. तीन भाषांत सांगितलं, तिन्हींत चुकले. आन ऐकत राहिले. "सरी," कन्नडमध्ये 'बरं' म्हणाले, पाटी पुसून माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसून एक बूट घातला.

दुसरा मिनीच्या मांडीवर होता. त्यांनी हात पुढे केला.

मिनी म्हणाली, "नाही देणार. तू बस."