तेलाच्या खड्ड्यावरचं जाळं

इद्रीस सोलकर रत्नागिरीच्या राजिवड्याचा. सगळं घराणं मासेमारीत, पण हा पठ्ठ्या पंप दुरुस्त करायला कुवेतला आला आणि मीना अल-अहमदी बंदराजवळ एका कंत्राटदाराच्या यार्डात चिकटला. यार्डामागे टाकाऊ तेलाचा खड्डा होता, चांगला तळ्याएवढा. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडून बारकी पाखरं थव्यानं यायची. वरून त्यांना ते पाणीच वाटायचं. एकदा उतरली की पंख चिकटले, संपलं. सकाळी पंप चालू करायला गेलेल्या इद्रीसला रोज तेच बघावं लागे. एक पाखरू त्यानं साबणानं धुतलंसुद्धा. ते त्याच्या हातातच गेलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शहाण्णव साली तो साइट इंजिनिअर प्रताप दांडेकरांकडे गेला. म्हणाला, "साहेब, खड्ड्यावर जाळं टाकू द्या मला."

दांडेकर पुण्याचे, मोजकं बोलणारे. "टाका इद्रीसभाई. पण काही भानगड झाली तर त्याच दिवशी उतरवीन."

इद्रीसनं बंदरावरच्या ओळखीतून टाकून दिलेली जाळी मागून आणली, जोडली, बांधली. जाळं म्हटल्यावर सोलकरांना कुणी शिकवायचं? गडी छाती फुगवून झोपला. सकाळी बघतो तर जाळ्यात पाखरं गुरफटून लटकलेली. तेलानं मारली नसती इतकी यानं मारली.

चूक हातांची होती. मासे धरायचं जाळं ताठ बांधत नाहीत, झोळ ठेवतात, म्हणजे आलेला मासा अडकतो. बापानं लहानपणी शिकवलं तेच बोटांनी इमानानं केलं होतं.

"काढा ते. बघवत नाही," दांडेकर म्हणाले.

"उद्या शुक्रवार, सुट्टीच आहे. एवढा एक दिवस द्या. परत एक जरी अडकलं तर मीच कापून टाकतो."

जुम्म्याची नमाज आटोपून तो यार्डात आला. दोर ताणायचा, गाठ मारायची, आणि बघावं तर बोटांनी सवयीनं परत ढील सोडलेली. स्वतःलाच शिव्या घालत गाठ सोडायची, पाय रोवून पुन्हा ओढायचं. तळहात सोलून निघाले. शेवटी जाळं नव्या बाजेसारखं ताठ झालं. उन्हं कलली तसा थवा उतरला. पाखरं जाळ्यावर टेकली, थोडी चालली, खायला काही मिळेना तेव्हा उठून समुद्राकडे गेली. इद्रीस वाळूत बसून रडला. जाळं राहिलं.

दोन हजार चारमध्ये दांडेकरांना दुसरीकडे नोकरी लागली. पार उत्तर ध्रुवाकडे नव्या तेलविहिरी खणायच्या होत्या.

"तुमची ती पाखरं तिकडेच अंडी घालतात म्हणे," ते इद्रीसला म्हणाले. "चला माझ्याबरोबर. पगार दुप्पट. तिथंही असंच जाळं बांधू."

दुप्पट पगारात राजिवड्याच्या घरावर स्लॅब पडला असता. असमा, त्याची बायको, दर फोनवर तेच विचारायची.

"साहेब, इथं ती थंडीपुरती पाहुणी. खड्डा झाकला की भागतं. तिथं त्यांचं घर आहे, पिल्लं जमिनीवर फिरणार. आख्ख्या माळावर जाळं घालणार का? तिथं खड्डाच खणू नका."

"ते माझ्या हातात आहे का?"

"मग मी येत नाही."

दांडेकर गेले. त्या ऑक्टोबरात इद्रीसनं नेहमीसारखे दोर आवळले. थवा आला, जाळ्यावर जरा चालला, उडाला. पाखरं आली की दरवर्षी त्याला त्यांच्या उतरण्याची धास्ती असायची. त्या वर्षी पहिल्यांदाच, ती परत घरी जाणार याची भीती वाटली.