गॉर्तख आणि शुक्रवारचा रेट

मंगळवारी पुण्याहून मामाचा फोन आला. आजीला ताप उतरत नाही म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, आईशी बोलायचं म्हणते आहे, एवढं सांगून त्याने ठेवला. आई तेव्हा खाली भाजी आणायला गेली होती. शारजातल्या आमच्या फोनवर बाबांनी आयएसडीचं लॉक लावलेलं होतं आणि कोड फक्त त्यांना माहीत होता. भारतात फोन शुक्रवारीच व्हायचा, कारण त्या दिवशी रेट कमी असे. आई आठवडाभराचं बोलणं मनात साठवून ठेवायची.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, तेवढा कोड घाला ना. दोन मिनिटं आईशी बोलते."

"परवा शुक्रवार आहेच की," बाबा बूट घालत म्हणाले. मिनिटाचे दिरहम सांगितले, लगेच त्याचे रुपयेही करून दाखवले. "आणि तू बोललीस की ताप उतरणार आहे का?"

आईने त्यांच्या हातात डबा दिला.

मी तेव्हा अल कुसैसमधल्या एका ऑफिसात बिनपगारी ट्रेनिंग करत होते. त्या दुपारी शेजारच्या टेबलावरची आयरिश बाई मॅनेजरवर वैतागली होती. त्याने टी-बॅग्ज कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. "गॉर्तख," ती म्हणाली. तिच्या भाषेत कंजूष. मी विचारल्यावर तिने त्या शब्दाची सगळी रूपं म्हणून दाखवली. बाईबद्दल बोलताना पहिला ग घशातच विरघळतो. पुष्कळ जण असले तर गॉर्तखा. आणखी कंजूष म्हणायचं तर गॉर्ती.

"तुमच्यात काय म्हणतात?"

"कंजूष. पुरुष असो, बाई असो, तेच."

"आहे का कोणी तुझ्या ओळखीत?"

"नाही," मी म्हटलं. घरातलं बाहेर बोलायची मला सवय नव्हती. परतताना बसमध्ये मात्र ती रूपं मी एकेक करून बाबांना लावून पाहत होते. एकही पुरेसं वाटेना.

गुरुवारी ऑफिस अर्धा दिवसच असे, म्हणून दुपारी मामाचा पुन्हा फोन आला तेव्हा मी घरी होते. आजी सकाळी गेली होती. ती शेवटपर्यंत आईला हाका मारत होती, असं तो म्हणाला. आईला मी फक्त आजी गेल्याचं सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी लॉक काढलं. "आता हवं तेवढं बोल," ते हळू आवाजात म्हणाले.

"कुणाशी?" आई म्हणाली.

शुक्रवारी त्यांनीच मामाला फोन लावला. बराच वेळ बोलले. मग कॉर्डलेस घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तिच्यासमोर धरला. आईने कणकेचे हात वर करून दाखवले आणि पुढची पोळी लाटायला घेतली.