पाचवीच्या पाटावरची काळी शाई

दुपारचं जेवण अंगावर आलंय. डोळे मिटलेत, कान मात्र जागे आहेत. आज नातीची पाचवी. नात घरात नाही. इस्पितळात काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी घालून. माझी लेक मुक्ता तिच्यापाशी बसून आहे. म्हणून पाट मी एकट्यानंच मांडलाय. आज सटवाई येऊन पोरीचं नशीब लिहिणार. तिच्यासाठी कोरा कागद ठेवलाय आणि माझं शाईचं पेन.

जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, शाईतलं मला कळतं. नकाशाची शाई पेनात घालायची नाही, आत बसली की पेन कायमचं गेलं. म्हणून पेनात चालणाऱ्या काळ्या शाया आणल्या, रेघा मारल्या, वाळू दिल्या, नळाखाली धरल्या. एक जांभळी होऊन पळाली. दुसरीचा नुसता धुरकट डाग उरला. तिसरी जागची हलली नाही. तीच भरली. पोरीचं आयुष्य पक्कं लिहिलं जाऊ दे.

"कुठली भरलीत?"

कुमुद! माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ती पदर खोचून नळापाशी उभी आहे. मी खाटेवरून पाय खाली टाकतो तर खाली ऑफिसची फरशी.

"न पुसणारी," मी ऐटीत सांगतो.

"अहो, आणि तिनं वाईट लिहिलं तर?"

मी गारच पडतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतक्या रेघा मारल्या, इतकं पाणी सोडलं, आणि हे नाही आलं!

"सटवाई चांगलंच लिहिते असं कोणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणते. "माझं काय लिहिलं होतं, पाहिलंत ना?"

ऑफिसचं टेबल काचेचं झालंय. आत माझी नात झोपली आहे, आणि तिच्या कपाळावर एक काळी रेघ पुढे पुढे सरकते आहे. लिहिणारा हात दिसत नाही. मी काच उघडतो, रुमाल ओला करतो. पोरीचं कपाळ केवढंसं!

"कुमुद, ही जात नाही गं! मी काय करून बसलो?"

"ओरडू नका, ती उठेल." ती रुमाल माझ्या हातून घेते. "वाळायच्या आत धुतली तर तुमची पक्की शाईसुद्धा जाते. तुम्हीच सांगायचात. अजून ओली आहे. सरका बाजूला."

"जाईल ना?"

"तुम्ही उठा आधी."

मी उठतो. खिडकीत ऊन आहे. पाटापाशी जातो.

पेन सुटं करून ठेवलंय. टोपण, नळी, निब, सगळं धुऊन मऊ फडक्यावर ओळीनं. शेजारी फुलपात्रात पाणी, काळंभोर. घराला आतून कडी आहे. झोपेत मीच उठून केलं असेल, दुसरं कोण? मग मी माझे हात उजेडात धरतो. पेन धुतलं की काळी बोटं माझ्या पाचवीलाच पुजलेली. आजवर एकदाही चुकली नाहीत.

बोटं स्वच्छ आहेत.