फळीवरचा स्टोव्ह

लग्नात वडिलांनी मला पितळी स्टोव्ह दिला आणि सासूबाईंनी तो पहिल्याच दिवशी फळीवर चढवला. "हे भडका उडवाचं यंत्र माह्या घरात नाही पेटाचं," असा निकाल लागला. मी शेगावची, स्टोव्हवरचा स्वयंपाक शिकलेली. सासरी, पिंपळगाव राजाला, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले, की डोळ्यांतून धारा लागायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, नव्या सुनेला माहेर आठवतंय.

सासूबाईंचंही चूक नव्हतं. भाव चढेपर्यंत आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असे. तिथे कंदील न्यायचा नाही, चिमणी न्यायची नाही. बिडी ओढणाऱ्या पाहुण्याची काडीपेटी सासूबाई ओट्यावरच काढून घेत आणि जाताना परत देत. जावईसुद्धा यातून सुटले नाहीत. खोलीच्या दाराशी दोन भरल्या घागरी आणि ओलं गोणपाट कायम असायचं.

मात्र स्वतःच्या चुलीचा त्यांना भारी अभिमान. राखेत झाकलेला विस्तव त्यांच्याकडे कधी विझला नाही, आणि अर्धी गल्ली गोवरीवर निखारा मागायला आमच्याकडे यायची.

फाल्गुनातल्या एका दुपारी शेजारीण आली. सासूबाईंनी तिच्या गोवरीवर निखारा ठेवला आणि दोघी बोलत बोलत नेमक्या कापसाच्या दारात थांबल्या. विषय कुणाच्या तरी सोयरिकीचा होता, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. वाराही सुटलेला. शेजारीण गेली आणि थोड्या वेळाने जळकट वास आला.

"तुह्या स्टोव्हचाच वास येऊन राह्यला!" सासूबाई कडाडल्या.

स्टोव्हमध्ये रॉकेलचा थेंब नव्हता. मी मधल्या खोलीकडे बोट दाखवलं. दाराजवळच्या कापसातून धूर निघत होता.

त्यांनी दोन्ही घागरी ओतल्या. पाणी वरूनच ओघळलं, धूर तसाच. मग हाताला लागलं ते त्यांनी उचललं, तर तो कढीने भरलेला गंज निघाला. तोही ओतला. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, तिथल्या आगींबद्दलचं त्यांचं बोलणं मला पाठ होतं.

"आत्याबाई, आतून धुमसून राह्यला! वरून ओतून नाही भागत. ओढा बाहेर!"

सुनेने सासूला हुकूम सोडण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. आणि त्यांनी ऐकलं! ओल्या गोणपाटात धरून आम्ही जळका कापूस अंगणात ओढला, काठीने पांगवला, बडवला. शेजारचे बादल्या घेऊन धावले. सगळं विझल्यावर सासूबाई ओट्यावर टेकल्या. केसांत कापूस, लुगड्यावर कढी. मला हसू आवरेना, पण भीतीही वाटत होती. आता आग कोणी लावली ते विचारलं जाणार, आणि घरात बदनाम एकच होता, माझा स्टोव्ह. तो माहेरी परत जाणार हे मी धरूनच चालले होते.

सासरे शेतातून आले, काळा ढीग पाहून थबकले. "कोनं लावली?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "माह्याच विस्तवानं लागली. हिनं घर वाचवलं."

मला रडू आलं, या वेळी धुराशिवाय. सासूबाईंनी फळीवरचा स्टोव्ह स्वतः खाली काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"चहा ठेव. पन पेटवाच्या आधी, हा इझवाचा कसा ते मले शिकव."