तुफान रेसकोर्सवरून रिटायर झालाय!

तबेल्यात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक लीद आणि दुसरे किस्से. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! लीद निदान शेतकरी ट्रॉली लावून घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते सगळे माझ्याकडेच साठून राहिलेत. म्हटलं, थोडे तुमच्या दारात टाकावेत.

मी सोलापुरातला दातांचा डॉक्टर. लोकांच्या जबड्यात वाकून वाकून माझी कंबर कामातून गेली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "रोज पोहायला जा." सोलापुरात! जिथं नळाला पाणी आलं की शेजारी फोन करून एकमेकांचं अभिनंदन करतात, तिथं मी पोहणार! मग मी घोडा निवडला. हाडांच्या डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही.

विजापूर रोडला, शहर संपतं तिथं, अण्णांची हॉर्स रायडिंग अकॅडमी आहे. अकॅडमी म्हणजे पत्र्याची शेड, एक रिंगण आणि तीन घोडे. अण्णा मूळचे टेंभुर्णीचे. आधी म्हणे हायवेला धाबा चालवायचे. तो विकला आणि एकदम काउबॉय हॅट घालूनच सोलापुरात उतरले. तीन घोड्यांतले दोन इतके म्हातारे, की त्यांच्यावर बसण्यापेक्षा त्यांना धरून चालवावं असं वाटायचं. तिसरा तुफान. उंच, पांढराशुभ्र, मान कमानीसारखी.

"थेट रेसकोर्सवरनं रिटायर झालाय, डाक्टर," पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले. "पब्लिक येडं व्हायचं ह्येला बघून! म्होरं नाचायचं!"

आमच्या बॅचला तिघंजण. एक वकील मॅडम, एक भूगोलाचे प्रोफेसर आणि मी. तिघंही भरपूर शिकलेले, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

*

तुफानची चाल मोठी न्यारी. झोकात निघायचा, थोडं अंतर चालायचा आणि थांबायचा. नुसता थांबायचा नाही, जागच्या जागी पाय आपटत डुलायचा. मनासारखं डुलून झालं की पुन्हा थोडं चालायचा, पुन्हा थांबायचा. टाच मारा, लगाम ओढा, गोंजारा, शिव्या द्या, काही फरक नाही. अख्खं रिंगण फिरायला इतका वेळ लागायचा की प्रोफेसर वर बसून पेपर तपासायचे.

मी तक्रार केली. अण्णा हॅट सारखी करत म्हणाले, "ह्येला म्हन्त्यात ब्रेकिंग पॉवर! पळनारी घोडी लई मिळतील. थांबनारं कुटं मिळतंय?"

आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. प्रोफेसरांनी घरी जाऊन बायकोला ब्रेकिंग पॉवर समजावून सांगितली म्हणे.

*

एकदा मला तुफानवर बसवून रोडला नेलं. सोबत घोड्यांची निगा राखणारे सईस रशीदभाई चालत होते. वाटेत एक मंगल कार्यालय लागलं. तुफाननं कान टवकारले, मला न विचारता वळला, कमानीखालून थेट दारात गेला आणि आडवा उभा राहिला. मी उतरायची वाट बघू लागला!

आतून एक मावशी ताट घेऊन धावतच आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, हाताला धरून मला खाली वाकवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि मग नीट बघितलं. हेल्मेट, चष्मा, पन्नाशीला टेकलेला माणूस. मावशींचा चेहरा पडला तो पडलाच. मागून कुणीतरी म्हणालं, "वय जरा जास्तच लपवलं की हो!"

परत येऊन मी हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "रेस जिंकल्यावर घोडं असंच आपनहून जाऊन हुबं ऱ्हातं, डाक्टर. फोटोसाठी. शिकवन हाय ती!"

कपाळाचं कुंकू पुसत मी म्हणालो, "असं होय!"

*

वकील मॅडमचा स्वभाव उलटतपासणीचा. एक दिवस त्यांनी रशीदभाईंना गाठलं. अण्णांनी रशीदभाईंना काय बोलायचं नाही ते बजावलेलं असावं, पण खोटं बोलायला काही शिकवलेलं नव्हतं.

"किती रेस पळाला हो हा?"

"बहोत, मॅडम. सीझन में तो रोज रहता था."

"सीझन कधी असतो?"

"तुलसी का लगन हुआ की चालू!"

"कधी हरला?"

रशीदभाईंनी जरा विचार केला. "हारने का सवालच नै, मॅडम. ये पोंचे बगैर किसी का कुछ हुआच नै!"

मॅडम खूश. आम्हाला म्हणाल्या, "बघा, हिवाळी हंगामाचा घोडा आहे. आणि अजिंक्य!" कोर्टात या मॅडमना भले भले साक्षीदार टरकतात.

*

मग तुफानचा वाढदिवस आला. तारीख अण्णांनीच जाहीर केली. रेसच्या घोड्याला जन्मतारीख असावी लागते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

समारंभ साधाच ठरला होता. तुफानला फुगे बांधायचे, फोटो काढायचे, त्याला एकेक गाजर द्यायचं. पण आमच्या बॅचमधला प्रत्येकजण तुफानचं आपल्यावरच खरं प्रेम आहे अशा समजुतीत होता. त्यामुळे वकील मॅडमनी गुपचूप गुळाची ढेप आणली. प्रोफेसरांनी माढ्याच्या सासुरवाडीहून हुरड्याची पिशवी आणली. मी दातांचा डॉक्टर, गोड आणणं मला शोभत नाही. मी भिजवलेले हरभरे नेले. प्रत्येकानं इतरांची पाठ वळल्यावर आपलं ताट तुफानपुढं केलं. तुफाननं कुणाचंही मन मोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. आवाज ओळखू येईना.

"डाक्टर, लवकर या. तुफान लोळाय लागलाय. पोटाकडं बघतोय आन् कन्हतोय. रात्रीपास्नं लीद न्हाय टाकली."

"अहो अण्णा, मी दातांचा डॉक्टर!"

"मग? त्येला बी दात हायती की!"

मी गेलो.

*

खरे डॉक्टर मोडनिंबहून आले. गुरांचे नावाजलेले डॉक्टर, पण सगळी हयात गाई-म्हशींत गेलेली. गाडीतून उतरले, बॅग उघडली आणि सवयीनं विचारलं, "कितवं वेत हिचं? दूध किती देती?"

डॉक्टरांनी मान वर करून पेशंट बघितला आणि घसा खाकरून स्टेथोस्कोप लावला. मग मात्र गडी कामाला लागला. बराच वेळ पोट ऐकलं, हिरड्या बघितल्या, दुखण्यावर इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेलासारखं औषध पोटात सोडलं.

"काल काय काय खाल्लंय ह्यानं?"

वकील मॅडम पत्र्याकडे बघायला लागल्या. शेवटी गूळ निघाला, मग हुरडा निघाला, मग माझे हरभरे. अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा आमच्यापैकी कुणालाही अण्णांच्या नजरेला नजर देता येईना.

डॉक्टरांनी हात धुतले. "अख्ख्या वऱ्हाडाचं जेवान ह्या एकट्याला घातलंसा की!"

वऱ्हाड म्हटल्याबरोबर रशीदभाई दचकले आणि अण्णांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. "आतडं तटलंय. ह्येला लोळू द्यायचं न्हाय, आतडं पिळलं तर खेळ खलास. उठवून चालवत ऱ्हायचं. चालला तर आतडं हलंल, लीद पडंल. लीद पडली म्हंजी वाचला. न्हाय पडली तर मोठ्या दवाखान्यात, पुन्या-मुंबईकडं. आन् खरं सांगू का, तितवर ह्यो जायचा न्हाय."

*

मग आम्ही पाळीपाळीनं तुफानला चालवायला लागलो. सोलापूरचं ऊन, एक घोडा आणि मागून त्याच्या शेपटीकडे टक लावून चाललेले तीन सुशिक्षित लोक! रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघत होते. प्रोफेसरांनी आमचा समजून भलत्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर घडामोडी टाकायला सुरुवात केली. 'शेपूट किंचित हलली.' 'वारा सरला, आशा आहे.' तो ग्रुप त्यांच्या सासुरवाडीचा आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माढ्याहून सासऱ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी एरवी कुठल्याही गोष्टीची टिंगल करतो. पण त्या सकाळी तुफानचे डोळे बघितले आणि टिंगल विसरलो. बिचाऱ्याला घाम फुटला होता, कळ आली की तो मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा. काय झालंय ते त्याला समजत नव्हतं. आमचे लाड होते ते.

आणि मग तो बसला. रिंगणाच्या मधोमध, पाय दुमडून. लगाम ओढला, मागून ढकललं, काही उपयोग नाही. डॉक्टर ओरडले, "उठवा! आता लोळाय लागला तर माज्या हातात काय न्हाय!"

अण्णा खाली मातीत बसले. हॅट बाजूला पडली. तुफानचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याला तुफान म्हणायचंच विसरले. "ऊठ की रं सोन्या... ऊठ की..." एवढंच म्हणत राहिले. रेसकोर्स, ब्रेकिंग पॉवर, जन्मतारीख, सगळं त्या मातीत गेलं होतं. मोठमोठ्यानं बोलणारा तो माणूस लहान पोरासारखा रडत होता.

रशीदभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "अण्णा, बजाऊं क्या?"

"गप!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, उठेगा वो. तुमकू मालूम है."

अण्णांनी मान वर केली. वकील मॅडमकडे बघितलं, प्रोफेसरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वर्षभर आमच्यापुढं उभी केलेली इमारत त्या माणसाच्या डोळ्यांपुढं होती. इतक्यात तुफाननं कण्हत अंग एका कुशीवर टाकलं.

अण्णा उठले. शेडमधला घोड्यांच्या खुराकाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाडाच्या दोन काटक्या मोडल्या, डबा छातीशी धरला आणि वाजवायला सुरुवात केली. कसलेल्या हातांची, अस्सल वरातीतली हलगी! कड कड कड कडाड!

तुफानचा एक कान हलला. मग दुसरा. त्यानं पुढचे पाय रोवले, धडपडला, पुन्हा रोवले आणि उठून उभा राहिला. अण्णा वाजवत मागं मागं सरकू लागले, तसा तो मान कमानीसारखी वाकवून, एकेक पाय उचलत त्यांच्यापुढं नाचू लागला. थोडं चालायचा, थांबून डुलायचा, पुन्हा चालायचा. रशीदभाईंनी खांद्यावरचा टॉवेल हवेत फिरवायला घेतला. मोडनिंबच्या डॉक्टरांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. प्रोफेसर दोन्ही हात वर करून नाचत होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हा माणूस टाळ्यासुद्धा वाजवत नाही!

वरात रिंगणाला फिरून शेडच्या दारापाशी आली. तुफान सवयीनं आडवा उभा राहिला. शेपूट वर गेली.

"पडली!" डॉक्टर ओरडले. "पडली की वो!"

कुठल्या दागिन्याकडे कुणी इतक्या प्रेमानं बघितलं नसेल. डॉक्टर खाली वाकले, लीद बघितली, पुन्हा पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "आतडं सुटलं. वाचला गडी."

अण्णांच्या हातातल्या काटक्या थांबल्या. अण्णांनी डबा खाली ठेवला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, मातीतली हॅट उचलून झटकली आणि डोक्यावर चढवली. आमच्याकडे बघेनात. तुफानच्या मानेवरून हात फिरवत, त्याच्याशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"रेसकोर्सवर बी हलगीच असती."

प्रोफेसर माझ्याकडे बघायला लागले, मी वकील मॅडमकडे. मॅडमनी पदरानं डोळे टिपले, नेहमीसारखा घसा साफ केला आणि कोर्टात म्हणतात तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"हो तर! मी टीव्हीवर बघितलंय."