मुकादमांनी न पाहिलेलं कार्ड

“कार्ड काढा बघू आधी,” असं म्हणून ते उजवा तळहात पुढे करत. समोरचा माणूस शिर्डीला निघालेला असो नाहीतर दुबईला. आमच्या बोईसरजवळच्या सरावलीच्या सोसायटीत कुणी प्रवासाचा विषय काढला, की हा हात पुढे आलाच म्हणून समजा. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा सर्वज्ञ असेल. फरक इतकाच, की आमच्या माणसाला त्यातलं खरोखर कळत होतं.

ते मूळचे जवळच्याच पाम गावचे. मुंबईच्या बंदरात प्रवासी जहाजं लागतात, त्या टर्मिनलवर वीसेक वर्षं ठेकेदाराकडे सामानाचे मुकादम होते. लोकांच्या हजारो बॅगा त्यांनी जहाजावर चढवल्या, पण स्वतः कधी धक्क्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यावरही आम्ही त्यांना मुकादमच म्हणायचो. बायकोला मात्र त्यांनी शब्द दिला होता, एकदा तुला जहाज आतून दाखवीन. सुनंदावहिनींनी तो शब्द इतकी वर्षं जपून ठेवला होता.

म्हणून आमच्या ज्येष्ठ मंडळाने जहाजाने गोव्याला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्या घरात झाला. मी एका कारखान्यातला निवृत्त हेडक्लार्क, त्यामुळे तिकिटांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुकादमांनी गच्चीवर आमचे वर्गच घ्यायला सुरुवात केली.

“मोठी बॅग दारातच जमा करायची. ती संध्याकाळशिवाय खोलीत येत नाय. गोळ्या, चष्मा, कार्ड, सगळं गळ्यातल्या पिशवीत.”

“आणि थोडी सुकट नेली तर?” माझ्या बायकोने विचारलं.

“वयनी, घरचं खानं आत घेत नाय. तुमची सुकट टर्मिनलवरची मांजरं खातील.”

जहाज सुटायच्या वेळेला पोचू नका, दार त्याच्या कितीतरी आधी बंद होतं, हे त्यांनी आमच्याकडून शाळेतल्या पोरांसारखं घोकून घेतलं. आणि शेवटी, दर वेळी, “कार्डावर नाव हाय तेच तिकिटावर. घरातलं नाव चालायचं नाय.” प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स त्यांनी स्वतः वाचून माझ्याकडे दिली.

एकच झेरॉक्स कमी होती. मी विचारलं, “वहिनींची?”

“तिचं काय बघायचं?” ते हसले. “सुनंदा. लग्नात तांदळाच्या ताटात नाव मीच लिवलंय.”

मीही हसलो आणि टाइप करून टाकलं. चाळीस वर्षं कागद पाहिल्याशिवाय पुढे न सरकवणारा मी! त्या पापाचा अर्धा वाटा माझा आहे, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

टर्मिनलवर जुने सोबती मुकादमांना ओळखून पुढे आले, बॅगा त्यांनीच उचलल्या. मुकादमांची छाती दोन इंच फुगली. मग काउंटरवरच्या मुलीने वहिनींचं कार्ड हातात घेतलं, स्क्रीन पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

“आजी, तिकिटावर सुनंदा आहे. कार्डावर तर मंजुळा.”

“ते माझं म्हायेरचं,” वहिनी म्हणाल्या.

आधार कार्ड काढलं तेव्हा त्या माहेरी, वाडा गावी भावाकडे होत्या. शाळेचा दाखला तिथेच होता, त्यावरून सगळं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनावसुद्धा. बँकेचं पासबुक त्याच नावाचं. नवऱ्याने ठेवलेल्या नावाचा एकही कागद त्या बाईकडे नव्हता, आणि नवऱ्याने ते कार्ड कधी हातातही घेतलं नव्हतं. साऱ्या सोसायटीपुढे कार्डासाठी हात पसरणारा हा माणूस!

मुलीने साहेबांना बोलावलं. जुन्या सोबत्यांनी रदबदली केली. साहेब अदबीने नाही म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं, तोच नियम आम्ही महिनाभर पाठ करत होतो. दार बंद व्हायची वेळ आली. आपण कशी माणसं असतो ते सांगतो. आम्ही सगळ्यांनी घड्याळं पाहिली. मीसुद्धा पाहिलं.

“तुमी जा,” वहिनी म्हणाल्या. “पैसं फुकट कशाला घालवायचं?”

मला खात्री होती की मुकादम थांबतील. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा काचेपलीकडच्या त्या पांढऱ्याशुभ्र जहाजाकडे. “येतो,” म्हणाले आणि रांगेत उभे राहिले. वहिनींनी आपल्या गळ्यातली पिशवी काढून त्यांच्या गळ्यात घातली. मुकादमांच्या गोळ्या त्या पिशवीत होत्या. वहिनींबरोबर परत जायला आमच्यातलं कुणी निघालं नाही. एका जुन्या सोबत्याने त्यांना स्टेशनवर सोडलं, तिथून त्या एकट्या बोईसरला आल्या.

वहिनींची बॅग मात्र दारातच जमा झाली होती. ती संध्याकाळी मुकादमांच्या खोलीत पोचली, बोईसरच्या बाजारातून घेतलेल्या दोन नव्या साड्यांसकट. दुसऱ्या दिवशी मी मुकादमांना जेवायला बोलवायला गेलो. मोठी खिडकी, बाहेर नुसतं निळं पाणी, आणि हे त्या बॅगेशेजारी बसलेले.

“भूक नाय,” म्हणाले.

परतल्यावर ती बॅग मीच त्यांच्या दारापर्यंत नेली. वहिनींनी दार उघडलं, नवऱ्याला पाणी दिलं आणि विचारलं, “खोलीतून दर्या दिसायचा का वो?”

“नाय. खिडकीच नव्हती,” मुकादम म्हणाले. मी बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली आणि निघालो.

त्यानंतर त्यांचा तो हात कधी पुढे आला नाही. कुणी जहाजाचं विचारलं तर “मला इचारू नका” म्हणून आत निघून जायचे. जेमतेम वर्ष काढलं त्यांनी. हृदयाचा झटका आला आणि गेले. मला त्यांचा राग होता, अजून आहे, आणि तरी गच्चीवर गेलो की त्यांची आठवण येतेच.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं.

“भावजी, खरं सांगा. त्या खोलीला खिडकी होती ना?”

“नव्हती, वहिनी,” मी म्हणालो.



“त्यांच्या मोबाईलमंदी त्या खिडकीचा फोटो हाय,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.